आजोबांच्या मृत्युपत्रात 'मुलगा' आहे की 'मुलगे'? काकांच्या हिश्श्याबद्दल मदत हवी आहे

वकिलाकडे जायचंच आहे. पण त्याआधी नेमकं काय विचारायचं ते तरी कळावं म्हणून लिहितेय. जरा लांबण लागेल.

माझी सख्खी आजी १९६८ मध्ये गेली. वडील सहा वर्षांचे होते, मोठी आत्या तीनची. १९७१ मध्ये आजोबांनी दुसरं लग्न केलं. ही आजी विधवा होती, पदरात चार वर्षांचा मुलगा. तो मुलगा म्हणजे आमचे काका. १९७३ मध्ये धाकटी आत्या झाली. काका याच घरात वाढले, शाळेच्या दाखल्यावर वडील म्हणून नाव आजोबांचंच आहे. 'सावत्र' हा शब्द मी घरात पहिल्यांदा ऐकला तो गेल्या महिन्यात, तलाठ्याची नोटीस आली त्या दिवशी.

आजोबा १९८९ मध्ये वारले. मृत्युपत्र १९८६ चं, नोंदणी केलेलं, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. वडिलोपार्जित जमिनीचं वाटप तेव्हाच झालं, त्यावर कुणाचं काही म्हणणं नाही. अडलंय ते विहिरीच्या गटावर. तीन एकर, आजोबांनी १९७४ मध्ये खरेदीखताने घेतलेला. त्याबद्दल असं लिहिलंय:

"सदर मिळकतीचा उपभोग माझी पत्नी हिने तिचे अन्नवस्त्राचे सोयीकरिता तहहयात घ्यावा. तिला गहाण, दान, विक्री करणेचा अधिकार राहणार नाही. तिचे पश्चात सदर मिळकत माझे मुलगे व मुली यांनी समसमान वाटून घ्यावी."

आजी गेल्या वर्षी गेली. तिने स्वतः मृत्युपत्र केलेलं नाही. आता काकांनी चौघांची नावं लावायचा अर्ज दिलाय: वडील, दोन्ही आत्या आणि ते स्वतः. वडिलांना हरकत घ्यायची आहे, नोटिशीत पंधरा दिवसांची मुदत आहे, त्यातले सहा गेले.

वडिलांचं म्हणणं, आजोबांना मुलगा एकच, तेव्हा हिस्से तीनच. माझं म्हणणं, एकच मुलगा होता तर 'मुलगे' कशाला लिहिलं? वडील म्हणतात तो शब्द 'मुलगा' आहे. आणि गंमत अशी की आमच्याकडे मूळ कागद नाही, झेरॉक्स आहे, आणि मूळ कागदाची घडी बरोबर त्याच शब्दावरून गेलेली. 'मुल' दिसतं, 'ग' दिसतो, पुढे काळी रेघ. ती मात्रा आहे, काना आहे की नुसती घडी, हे भिंग लावूनही कळेना. 'माझे' स्पष्ट आहे, पण जुन्या दस्तांत 'माझे मुलगा व मुली' असंही लिहायचे, असं वडील म्हणतात. तेही खोटं नाही.

तर प्रश्न असे. मूळ शब्द कुठे बघायला मिळेल? आणि 'मुलगे' असलंच, तर काका त्यात कायद्याने बसतात का? वडिलांना खोटं पाडायचं नाहीये मला.

प्रतिसाद १

ताई, पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मृत्युपत्र नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधकाकडे पुस्तक क्रमांक ३ मध्ये ते जसंच्या तसं उतरवलेलं असतं. करणारा जिवंत असेतो नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. तो वारल्यावर अर्ज करणाऱ्या कुणालाही मिळते. मृत्यूचा दाखला न्या, दस्त क्रमांक आणि तारीख न्या. त्या पुस्तकाला तुमची घडी पडलेली नाही.

आणि साक्षीदारांपैकी कुणी हयात आहे का ते आजच बघा. नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं नाही. कोर्टात वेळ आली तर, हयात असल्यास, निदान एका साक्षीदाराला उभं करावं लागतं.

प्रतिसाद २

मी वकील नाही, पण आमच्या घरात असाच दावा अकरा वर्षं चालला, त्यामुळे थोडं माहीत झालंय.

काका दत्तक होते असं कुणी म्हणालं तर ते टिकणार नाही. १९५६ च्या दत्तक कायद्याप्रमाणे सख्खा मुलगा हयात असताना मुलगा दत्तक घेताच येत नाही. दाखल्यावरच्या नावाने वारसही होता येत नाही. म्हणजे आजोबांकडून त्यांना जे मिळेल ते फक्त मृत्युपत्रातल्या शब्दांमुळे. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सांगतो की एखाद्या कलमाचा अर्थ अख्खं मृत्युपत्र वाचून लावायचा. त्यामुळे इतर कलमांत काकांचा उल्लेख कसा केलाय ते बघा. कुठे 'माझा मुलगा' म्हटलं असेल तर घडीखाली काय आहे याला फार किंमत उरणार नाही.

पण तुमच्या वडिलांनी आधी दुसरंच काहीतरी बघायला हवं. 'अन्नवस्त्राचे सोयीकरिता' हे शब्द. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मध्ये दोन वाटा आहेत. मृत्युपत्राने मर्यादित हक्क दिला तर तो मर्यादितच राहतो, ही एक. पण बायकोला पोटगीचा जो हक्क आधीपासून असतोच, त्यापोटी जमीन दिली असेल तर तहहयात लिहूनही ती पूर्ण मालक होते, ही दुसरी. १९७७ च्या तुलसम्मा निकालापासून हे चालू आहे. निकाल दोन्ही बाजूंनी आहेत, डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला.

आजी पूर्ण मालक ठरल्या तर? त्यांच्या पश्चात जमीन त्यांच्या पोटच्या मुलांना. म्हणजे काका आणि धाकटी आत्या. तुमचे वडील आणि मोठी आत्या त्यांचे सावत्र, त्या रांगेत येतच नाहीत.

तीन एकर म्हणजे १२० गुंठे. वडिलांचं खरं ठरलं तर त्यांना ४० आणि काकांना काही नाही. तुमचं खरं ठरलं तर चौघांना ३०-३०. मृत्युपत्र सिद्धच झालं नाही तर १९८९ ला आजी आणि तीन मुलं असे चार वारस, वडिलांना ३०च, आणि आजींचे ३० त्यांच्या दोन मुलांत, म्हणजे काकांना १५. आणि आजी पूर्ण मालक ठरल्या तर काका ६०, धाकटी आत्या ६०, वडील शून्य.

दहा गुंठे वाढवून घ्यायला निघाले आणि समोरच्या वकिलाने कलम १४ वाचलं, तर तीस घालवून बसतील. हरकत घेण्याआधी हे त्यांना दाखवा. तलाठ्याकडच्या फेरफाराने मालकी ठरत नाही, पण हरकत नोंदली की प्रकरण मंडळ अधिकाऱ्याकडे जातं, आणि मग समोरचेही वकील गाठतातच.

प्रतिसाद ३

दहा गुंठ्यांसाठी भावाला सावत्र म्हणायचं. चालू द्या.

धागाकर्ती

प्रतिसाद ३: टोमणा पोचला. पण वडील हावरट नाहीत हो. आजोबांनी त्यांना कधी जवळ घेतलं नाही आणि काकांना खांद्यावर घेऊन शेतात न्यायचे, हे त्यांनी मला परवा पहिल्यांदा सांगितलं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस 'मुलगा' हा शब्द एकवचनी असावा म्हणून भांडतोय, त्यात गुंठे किती आणि बाकीचं किती, मला सांगता येणार नाही.

प्रतिसाद २ मधले आकडे वहीच्या पानावर लिहून दाखवले. खूप वेळ बघत बसले. मग म्हणाले, "तुझ्या काकाला हे कलम माहितीये का?" मी म्हटलं, माहीत असतं तर त्यांनी चौघांची नावं कशाला लावायला दिली असती? त्यावर काही बोलले नाहीत.

दोन साक्षीदारांपैकी एक हयात आहेत, शहाऐंशी वर्षांचे, ऐकू कमी येतं पण शुद्धीत. आणि पहिल्या पानावर, मी आजवर वाचायचा कंटाळा केलेल्या भागात, आजोबांनी कुटुंबातली माणसं मोजली आहेत. तिथे काकांच्या नावामागे 'पत्नीचा मुलगा, मजजवळ वाढलेला' असं आहे. म्हणजे 'माझा' नाही, पण परकाही नाही. हे कुणाच्या बाजूने जातं ते वकीलच सांगतील.

नकलेचा अर्ज सोमवारी देतेय. हरकत तूर्त थांबवली आहे. चौघं ३०-३० ला तयार झाले तर नोंदणीकृत वाटणीपत्र पुरेल की दावा दाखल करून तडजोडीचा हुकूमनामा घ्यावा लागेल, हे कुणी केलं असेल तर सांगा. मोठ्या आत्याला अजून फोन केलेला नाही. तिच्या हिश्श्यातलेही दहा जाणार आहेत.