आयनोफोरला मराठीत काय म्हणावं? वाहक, वाहिनी, की आणखी काही?

नमस्कार मंडळी. पेशीविज्ञानावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे आणि तीन दिवस एकाच शब्दसमूहापाशी अडले आहे. प्रयोगशाळेत घडवलेले, शर्करेच्या सांगाड्यावर उभे केलेले रेणू पोटॅशियम, सोडियम, क्लोराइड असे आयन (विद्युतभारित कण) पेशीच्या पटलातून पलीकडे नेतात, असा विषय आहे. आयन असे पलीकडे नेणाऱ्या रेणूंना इंग्रजीत आयनोफोर म्हणतात. मी सध्या लिहिलंय ‘शर्कराधारित कृत्रिम आयनवाहक’. यातला एकही शब्द मनाला पटलेला नाही.

‘कृत्रिम’ म्हटलं की कृत्रिम हसू, कृत्रिम फुलं डोळ्यांसमोर येतात, म्हणजे खोटं काहीतरी. हे रेणू खोटे नाहीत, निसर्गाऐवजी माणसानं जुळवलेले आहेत. ‘शर्करा’ म्हटलं की वाचक थेट मधुमेहाकडे वळतो. आणि ‘वाहक’? एसटीतले वाहक, रोगाचे वाहक, विजेचे वाहक. इतकी कामं करणाऱ्या शब्दावर अजून एक ओझं टाकायचं का?

मुळात या रेणूंची गरज का पडते तेही सांगते, म्हणजे शब्द सुचायला मदत होईल. पेशीच्या आत पोटॅशियम लिटरला साधारण १४० मिलीमोल असतं, बाहेर चार-पाचच. सोडियमचं बरोबर उलट. मधलं पटल काही नॅनोमीटर जाडीचं, पण त्याचा गाभा तेलकट. आयन पाण्याचे रेणू भोवती गोळा करून बसलेला असतो, तो या तेलात शिरत नाही. त्याला कुणीतरी न्यावं लागतं.

प्रतिसाद

‘कृत्रिम’ काढा, ‘संश्लेषित’ ठेवा. रसायनशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तो रुळलेला आहे आणि त्यात कमीपणाचा वास नाही.

‘शर्करा’ मात्र सोडू नका. शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू, रवा. तिथून हा शब्द फारसीत शकर झाला, अरबीत सुक्कर झाला, ग्रीकमध्ये साखारॉन झाला, आणि आज जगभरचे रसायनज्ञ सॅकराइड म्हणतात तेव्हा आपलाच शब्द उच्चारत असतात. मधुमेहाच्या भीतीनं तो टाकून देणं बरोबर नाही. वाक्यात एकदा ‘शर्करा म्हणजे फक्त चहातली साखर नव्हे’ असं लिहा आणि पुढे चला.

आता आयनोफोर. मायकेल फॅरेडेनं १८३४ मध्ये ‘आयन’ हा शब्द वापरात आणला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘जाणारा’. आपल्या उत्तरायणातलं ‘अयन’ म्हणजेही जाणंच, दोन्ही एकाच जुन्या धातूचे वंशज. ‘फोर’ म्हणजे धारण करणारा, वाहून नेणारा. त्याचं संस्कृत भावंड ‘भृ’, ज्यातून आपला भार आला, विश्वंभर आला. म्हणजे आयनोफोरचं अगदी सख्खं भाषांतर ‘आयनंभर’ होईल. वापरा असं म्हणत नाही, पण हे नातं कळल्यापासून मला तो शब्द परका वाटेनासा झालाय.

प्रतिसाद

व्युत्पत्ती आवडली. पण अडचण वेगळीच आहे. आयनोफोर या एका नावाखाली दोन निराळ्या रीतीनं काम करणारे रेणू येतात, आणि ‘वाहक’ म्हटलं की त्यातली एकच रीत दिसते.

पहिली रीत व्हॅलिनोमायसिनची. हा रेणू कड्यासारखा आहे. पोटॅशियमचा आयन पाण्याचं वेष्टन उतरवून त्याच्या पोटात बसतो, कड्याच्या आतले ऑक्सिजन त्याला धरतात आणि बाहेरची बाजू तेलाशी जमवून घेते. मग तो अख्खा रेणू पटल ओलांडतो, आयन सोडतो, मोकळा परत येतो. सोडियमचा आयन लहान, त्याला ते कडं नीट धरू शकत नाही. म्हणून व्हॅलिनोमायसिन सोडियमच्या तुलनेत पोटॅशियमला हजारो पटींनी पसंत करतं.

दुसरी रीत ग्रॅमिसिडिनची. हा रेणू जागचा हलत नाही. दोन रेणू टोकाला टोक लावून पटलात बोगदा तयार करतात आणि आयन त्यातून धावतात, सेकंदाला लाखोंच्या संख्येनं.

हा फरक पडताळायची एक युक्ती मला फार सुंदर वाटते. १९७१ साली तिघा शास्त्रज्ञांनी पटल थंड करून गोठवलं. व्हॅलिनोमायसिनची ये-जा थांबली, कारण गोठलेल्या तुपात कुणी पोहू शकत नाही. ग्रॅमिसिडिनचं काम मात्र चालू राहिलं. जो फरक प्रयोगात इतका लख्ख दिसतो तो आपल्या शब्दांतही दिसायला हवा.

प्रतिसाद

फक्त एक विनंती. अनुवादात कुठे ‘पेशीभित्तिका’ लिहिलं असेल तर बदला. भित्तिका म्हणजे भिंत, ती वनस्पती, बुरशी, जिवाणूंना असते, प्राण्यांच्या पेशीला नसते. इथे हवं ते प्रद्रव्यपटल किंवा नुसतं पटल. वर्तमानपत्रांत ही चूक सतत दिसते आणि दर वेळी टोचते.

प्रतिसाद

मी खाडीकाठची. आमच्याकडे खाडी ओलांडायच्या होडीला आणि त्या जागेलाही ‘तर’ म्हणतात. लहानपणी बाजाराला जायचं तर तरीवर उभं राहायचं, होडी पलीकडून येईपर्यंत. व्हॅलिनोमायसिनचं वर्णन वाचून मला तीच आठवली: माणसं घ्यायची, उतरवायची, रिकामी परत यायचं. ‘आयनतर’ कसा वाटतो? आणि बोगद्यासाठी ‘आयनमार्ग’.

प्रतिसाद

ताई, कल्पना सुरेख आहे, पण ‘आयनतर’ घाईत ‘आयनेतर’ वाचला जाईल, आणि त्याचा अर्थ आयन नसलेला, अगदी उलटा! शिवाय उच्चतरमधला ‘तर’ही आडवा येतो. त्याच धातूतला ‘तारू’ घ्या की. जुन्या मराठीतली होडी, जहाज. ‘आयनतारू’ उच्चारायला सोपा आणि दुसऱ्या कशाशी घोळ नाही.

प्रतिसाद

शर्करेबद्दल थोडं, कारण या विषयातली खरी गंमत तिथे आहे आणि शब्द ठरवताना ती निसटू नये.

शर्करेच्या अंगावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) भरपूर. त्यामुळे ती पाण्यात चटकन विरघळते, म्हणजे जलस्नेही. मग तेलकट पटलात ती शिरणार कशी? रसायनज्ञ त्यातल्या काही गटांना स्निग्ध शेपट्या जोडतात. (स्नेह म्हणजे माया आणि स्नेह म्हणजे तेल. आपल्या भाषेत जलस्नेही रेणूला स्नेह लावून पटलात पाठवायचं, हे वाक्य लिहिताना मला थांबावंसं वाटलं.) शर्करा निवडायची कारणंही ठोस आहेत: ती सहज मिळते, आयनाला धरायला ऑक्सिजन तयार असतात, आणि डाव्या-उजव्या घडणीचा नेमका आकार निसर्गानेच करून दिलेला असतो.

जपानमधल्या क्योतोचे रसायनज्ञ इवाओ ताबुशी यांनी १९८२ मध्ये सायक्लोडेक्स्ट्रिन घेतलं. ग्लुकोजचे सात एकक गोलाकार जोडलेलं कडं, स्टार्चपासून मिळणारं. त्याच्या एका काठाला चार शेपट्या जोडल्या. असा एक रेणू पटलाच्या अर्ध्या जाडीपर्यंत पोचतो, दोन समोरासमोर आले की आरपार वाट होते. त्यातून कोबाल्टचे आयन गेले. माणसानं बनवलेल्या आयनमार्गांच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक, आणि ते शर्करेचं.

आपल्या जवळचं उदाहरणही आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत पिनाकी तालुकदार यांच्या गटानं २०१४ मध्ये मॅनिटॉलवर आधारलेला आयनमार्ग प्रसिद्ध केला. अनेक छोटे रेणू फुलाच्या पाकळ्यांसारखे एकत्र येतात आणि ऋण आयन त्यातून उड्या घेत पुढे सरकतात. मॅनिटॉल ही काटेकोरपणे शर्करा नव्हे, शर्करा-अल्कोहोल. मेंदूवरची सूज उतरवायला सलाइनमधून देतात तेच. म्हणून ‘शर्करेपासून बनवलेले’पेक्षा ‘शर्कराधारित’ बरोबर.

आणि २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी ज्या ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी महाराष्ट्रभर लोक वणवण फिरले, पटलावरच काम करणाऱ्या त्या रेणूलाही एक शर्करा जोडलेली आहे, मायकोसामीन. ती काढली तर तो बुरशीच्या पटलातल्या एर्गोस्टेरॉल या स्निग्ध घटकाला धरू शकत नाही. पण तो मातीतल्या जिवाणूनं बनवलेला, त्याला ‘संश्लेषित’ म्हणू नका.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. आयनोफोर एकदाच मूळ रूपात ठेवते, पुढे तारू आणि मार्ग. वाक्य आता असं आहे, चुकलं असेल तर सांगा:

‘शर्कराधारित संश्लेषित आयनोफोर दोन प्रकारे काम करतात. काही आयनतारू असतात, ते आयनाला पोटात घेऊन पटल ओलांडतात आणि रिकामे परत येतात. काही जागीच थांबून आयनमार्ग उघडतात. पटल गोठलं की तारू अडकतात, मार्ग उघडा राहतो.’