मदत हवी आहे: ॲपबद्दल सांगायचंय, पण स्पॅम वाटू नये

फ्रीलान्सरांना थकलेल्या बिलांची आठवण करून देणारं ॲप आम्ही दोघांनी बनवलंय. नोंदणी न करता वापरून बघता येतं. जाहिरातीला बजेट शून्य.

सुरुवातीला तीन ग्रुपांत एकच मजकूर लिंकसकट चिकटवला. दोन ठिकाणी पोस्ट उडाली, तिसरीकडून मीच. (नियम वाचले नव्हते, चूक माझीच.) आता महिनाभर नुसती लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतोय, लिंक कुठेच नाही. रेडिटवरचा 'दहात एकच पोस्ट स्वतःची' हा जुना संकेत माहीत आहे. हॅकर न्यूजवर (टेक मंडळींची चर्चेची साइट) आपल्या पोस्टला अपव्होट द्या असं सांगत फिरायचं नाही, हेही. खोट्या खात्यांतून स्वतःचीच तारीफ करायची नाही.

अडलंय इथे: कुणी नेमकं थकलेल्या बिलांबद्दलच विचारलं, तर 'हे मीच बनवलंय' असं सांगून उत्तरातच लिंक द्यावी, की आधी ॲडमिनना विचारावं?