आजोबांच्या नाटकावर दुसऱ्याचं नाव : कॉपीराइटबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या कालोत्सवासाठी आजोबांनी १९६८ साली एक पौराणिक संगीत नाटक लिहिलं. ते छापलं कधीच नाही. मूळ वही आमच्या घरी आहे, तिच्यावरून नकला उतरवून आजूबाजूच्या मंडळांनी प्रयोग केले. आजोबा १९७४ साली वारले.

आता एका हौशी मंडळाने पूर्ण प्रयोग यूट्यूबवर चढवलाय आणि लेखक म्हणून त्यांच्या दिग्दर्शकाचं नाव दिलंय. विचारलं तर म्हणाले, 'रजिस्ट्रेशन दाखवा. आणि तुमच्या आजोबांनी नाटक गावाला दिलेलं.'

देवळातले प्रयोग बंद पाडायचे नाहीत, ते होतात याचा आम्हाला आनंदच आहे. पैसेही नकोत. आजोबांचं नाव तिथे हवं, एवढंच. नोंदणी नसेल तर हक्क उरतो का? इतक्या वर्षांनी तो संपला असेल का? कथा पुराणातली आहे आणि पदं जुन्या नाट्यगीतांच्या चालींवर बांधलेली आहेत, त्याने काही फरक पडतो का?

प्रतिसाद १

ताई, नोंदणी सक्तीची नाही. नाटक लिहून झालं तेव्हाच हक्क निर्माण झाला. नोंदणीचा उपयोग पुराव्यापुरता.

मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे तुमच्या बाबतीत २०३४ च्या अखेरीपर्यंत. एक गोष्ट मात्र तपासा: आजोबा हयात असताना जाहीर प्रयोग झाला होता ना? न छापलेलं नाटकही जाहीर प्रयोग झाला की या हिशेबापुरतं प्रकाशित धरतात. हयातीत प्रयोगच झाला नसता, तर ६० वर्षं पहिल्या प्रयोगापासून मोजली असती.

पुराणकथा कुणाच्याच मालकीची नाही. आजोबांचे आहेत ते संवाद, प्रवेशांची रचना आणि पदांचे शब्द. चालीचा हक्क वेगळा, तो संगीतकाराचा. त्यामुळे पदांच्या शब्दांवर दावा करा, चालींवर नको.

प्रतिसाद २

'गावाला दिलं' हे तोंडी पुरत नाही. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर सहीनिशी लेखी करार लागतो. तसा कागद असेल तर दाखवा, असं त्यांनाच विचारा.

देवळातल्या प्रयोगांची चिंता करू नका. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर किंवा देवस्थानच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. पण ती सूट प्रयोगापुरती. चित्रण करून यूट्यूबवर टाकणं त्यात बसत नाही.

तुमच्यासाठी खरं महत्त्वाचं कलम ५७. लेखक म्हणून आपलं नाव सांगण्याचा हक्क लेखकाचा असतो, कॉपीराइट विकून टाकला तरी तो उरतो, आणि लेखकाच्या पश्चात वारस तो बजावू शकतात. आपल्या गावांतून किती लेखकांची नावं अशी पुसली गेली! म्हणून हे सोडू नका.

धागाकर्ती

खूप आभार. १९६९ च्या प्रयोगाची छापील जाहिरात सापडली, तिच्यावर लेखक म्हणून आजोबांचं नाव आहे. आता आधी काय करू?

प्रतिसाद २

उत्तम! वही आणि जाहिरात दोन्ही स्कॅन करून ठेवा. व्हिडिओचा दुवा आणि तारखेसह स्क्रीनशॉट आजच घ्या, उद्या त्यांनी मजकूर बदलला तर हातात काही राहणार नाही. मग काका-आत्यांसह सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या; हक्क एकट्या तुमचा नाही, आणि यूट्यूबकडे तक्रार हक्कदाराने किंवा त्याने नेमलेल्या माणसानेच करायची असते.

तक्रारीआधी मंडळाला पत्र लिहा: अमुक दिवसांत लेखकाचं नाव दुरुस्त करा, व्हिडिओ राहू द्यायला आमची हरकत नाही. नोंदणीचा अर्ज ऑनलाइन होतो, नाटकासाठी शुल्क ५०० रुपये, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. पत्र मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका.