मदत हवी आहे: हातात दोन राजे, तरी 20,000 साफ. चूक कुठे झाली?

राम राम मंडळी. मी रावेरकडचा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्ते कुटत मोठा झालो, त्यामुळे तीन पत्तीत हात बसलेला. होल्डेम, म्हणजे पोकरचा एक प्रकार, मात्र मोबाइलवर शिकलो. 2025 च्या कायद्याने पैशांचा ऑनलाइन खेळ बंद झाला, म्हणून गेल्या महिन्यात आम्ही चौघं भुसावळहून गोवा एक्सप्रेसने गेलो नि मांडवी नदीतल्या एका कॅसिनो बोटीवर पहिल्यांदाच खऱ्या टेबलावर बसलो.

ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी दोघांनी भरायचे पैसे) 100/200, नऊ जण. तीन तास नुसतं पॅक. मग बटण (वाटणाऱ्याची खूण) माझ्याकडे असताना दोन काळे राजे! आधीच तिघं 200 टाकून आत. हात थरथरायला लागला, तो लपवायला पाण्याची बाटली उचलली. जास्त लावलं तर सगळे पळतील म्हणून 800 च केले. पळालं कोणीच नाही. दोन्ही ब्लाइंडसकट पाच जण आले, पॉट 4,800.

फ्लॉप (सगळ्यांसाठी उघडलेले पहिले तीन पत्ते) बदाम 9, बदाम 8, चौकट 4. सगळे चेक (पैसे न लावता पाळी पुढे), मी 3,000. फक्त बिग ब्लाइंडवाले (200 भरलेले) काका उरले. टर्न, म्हणजे चौथा पत्ता, चौकट 2. ते चेक, मी 7,000. काकांनी चहाचा कप शांतपणे बाजूला सरकवला नि ऑल-इन, म्हणजे सगळे पैसे आत. माझ्याकडे 9,200 उरले होते. एवढे गेले तर हेही जाऊ दे म्हणून टाकले. काकांकडे 9-8.

सोबतचा दोस्त म्हणतो, "पत्ता कोना बापना नही ऱ्हास." मला काही ते पटत नाही. टर्नला सोडायला हवं होतं का?

प्रतिसाद
भाऊ, डाव टर्नला नाही, 800 लाच गेला. ही तीन पत्तीची सवय. तिथे वाटलेले तीन पत्ते शेवटपर्यंत तेच, म्हणून भारी हात लपवून लोकांना आत ठेवणं चालतं. इथे अजून पाच पत्ते उघडायचे असतात आणि प्रत्येक जण त्यावर जाळं टाकून बसलेला. दोन राजे एकासमोर साधारण 82 टक्के जिंकतात, कसेही पत्ते असलेल्या पाच जणांसमोर जेमतेम 43. आधी तिघं आत असताना मी 1,600 च्या खाली जात नाही. काकांना 9-8 घेऊन फक्त 600 जास्त द्यायचे होते, कोण सोडेल?

टर्नला 34,000 च्या पॉटसाठी 9,200 टाकायचे (एकूण 43,200), म्हणजे 21 टक्के संधी हवी. दोन जोड्यांसमोर तुम्हाला वाचवणारे पत्ते आठ (दोन राजे, तीन चौके, तीन दुर्र्या), 44 पैकी 8 म्हणजे 18 टक्के. काकांकडे कधीकधी नुसते दोन बदामही असतील (अजून एका बदामाच्या आशेवर), त्यामुळे कॉलला, म्हणजे 9,200 टाकण्याला, मी फार दोष देणार नाही. पण तीन तास गप्प बसलेला माणूस चेक करून ऑल-इन करतो तेव्हा मी तरी पत्ते फेकतो.

धागाकर्ता
तीन तास कुठले गप्प, काका दर डावात होते! 1,600 ला सगळे पळाले असते तर?

प्रतिसाद
दर डावात होते? मग कॉल बरोबर, माझे शब्द मागे. आणि पळाले तर 900 रुपये पत्ते न दाखवता तुमचे. ती बाटली मात्र पुढच्या वेळी खालीच ठेवा, अख्ख्या टेबलाला कळतं.