मदत हवी आहे : चार्ली कॉक्स, 'डेअरडेव्हिल' आणि त्याचे इतर काम

नमस्कार. आमच्या चित्रपट अभ्यासगटाच्या पुढच्या बैठकीत चार्ली कॉक्स या इंग्लिश अभिनेत्यावर बोलण्याचे मी कबूल केले आहे. गटातील दोन सदस्य दृष्टिहीन आहेत आणि हा विषय त्यांनीच सुचवला. त्यामुळे तयारी नीट व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे आणि जाणकारांची मदत हवी आहे.

'डेअरडेव्हिल' या मालिकेत कॉक्सने साकारलेला मॅट मर्डॉक न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागात दिवसा वकिली करतो आणि रात्री मुखवटा चढवून गुन्हेगारांशी लढतो. लहानपणी एका अपघातात रसायन डोळ्यांत गेल्याने त्याची दृष्टी गेली, मात्र त्याची इतर इंद्रिये विलक्षण तीक्ष्ण झाली. कॅमेऱ्यासमोर नटाचा सर्वाधिक भार नजरेवर असतो आणि नेमकी तीच कॉक्सला वापरता येत नव्हती. समोरच्याकडे न पाहता तो त्याचे बोलणे, श्वास आणि चाहूल ऐकतो आहे, हे मान किंचित वळवून आणि वाक्याआधी क्षणभर थांबून तो ज्या रीतीने दाखवतो, ते मला या भूमिकेचे खरे यश वाटते. तयारीसाठी त्याने जो स्ट्रेचे या दृष्टिहीन सल्लागारांकडून मार्गदर्शन घेतले होते. या तयारीविषयी कॉक्स किंवा स्ट्रेचे सविस्तर बोलले आहेत अशी एखादी मुलाखत कोणी सुचवू शकेल का?

दुसरा प्रश्न आधीच्या कामाविषयी आहे. 1982 साली लंडनमध्ये जन्मलेला कॉक्स ब्रिस्टॉल ओल्ड व्हिक थिएटर स्कूलमध्ये शिकला. 2004 च्या 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' या चित्रपटात तो लोरेंझो होता, 2007 मध्ये 'स्टारडस्ट'चा नायक झाला आणि पुढे 'बोर्डवॉक एम्पायर' मालिकेत त्याने ओवेन स्लेटर हा आयरिश माणूस उभा केला. ऐकण्यावर पेललेला अभिनय यांपैकी कुठे आधीच दिसतो, हे मला शोधायचे आहे. माझा कल स्लेटरकडे आहे, पण ज्यांनी ती मालिका पूर्ण पाहिली आहे त्यांनी नेमके भाग सांगितले तर फार उपयोग होईल. तसेच 2019 मध्ये अभिनेता टॉम हिडल्स्टनसोबत त्याने हॅरॉल्ड पिंटर यांचे 'बिट्रेयल' हे नाटक लंडनमध्ये आणि नंतर ब्रॉडवेवर केले. त्याचे अधिकृत चित्रीकरण कुठे पाहता येते का?

बैठकीत दाखवण्यासाठी वेळ थोडाच आहे. 'डेअरडेव्हिल'च्या पहिल्या पर्वाच्या दुसऱ्या भागातील बोळातली मारामारी प्रसिद्ध आहे, परंतु तिच्यात स्टंट कलाकार ख्रिस ब्रूस्टर यांचा वाटा मोठा असल्याने कॉक्सच्या अभिनयाचा नमुना म्हणून ती दाखवणे मला पटत नाही. त्यापेक्षा पहिल्याच भागात मॅट चर्चमध्ये पाद्र्यांसमोर आपल्या वडिलांविषयी बोलतो तो प्रसंग मला योग्य वाटतो, कारण तो सगळा आवाजावर उभा आहे आणि आमच्या दृष्टिहीन सदस्यांपर्यंतही पूर्ण पोहोचेल. असे आणखी प्रसंग आठवत असल्यास पर्व आणि भाग क्रमांकासह कळवावेत. नेटफ्लिक्सवरील 2015 ते 2018 मधली तिन्ही पर्वे, तसेच मॅटचीच भूमिका असलेल्या 'द डिफेंडर्स' आणि 2025 ची 'बॉर्न अगेन' या पुढच्या मालिका, यांतले काहीही चालेल.

शेवटचा प्रश्न सर्वात निकडीचा आहे. पडद्यावर काय घडते ते निवेदनातून सांगणारी ध्वनिवर्णनाची सोय नेटफ्लिक्सने एप्रिल 2015 मध्ये 'डेअरडेव्हिल'पासूनच सुरू केली, आणि त्यामागे दृष्टिहीन प्रेक्षकांची मागणी होती. 2022 मध्ये मालिका नेटफ्लिक्सवरून हलून डिस्ने प्लसकडे गेली. भारतात जिओहॉटस्टारवर या जुन्या पर्वांना आणि 'बॉर्न अगेन'ला इंग्रजी ध्वनिवर्णन मिळते का, आणि मिळत असेल तर टीव्ही व मोबाइल दोन्हींवर ते कसे सुरू करायचे, हे कोणी स्वतः वापरून पाहिले असल्यास कृपया सांगावे.