बाटलीवरची वासरं दोरीला चालत नाहीत, ढुशा मारतात. मदत हवी आहे

तापीकाठ (चोपडा तालुका)
दोन वासरं बाटलीच्या दुधावर आहेत. कालवड दोन महिन्यांची, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, परदेशी दुधाळ जात) संकर. गोऱ्हा दीड महिन्याचा, गावठी. दोघांना सकाळ-संध्याकाळ 2-2 लिटर. बाटली दिसली की अंगावर येतात, मांडीला ढुशा देतात, लुगड्याचा पदर चोखतात. गळ्यातलं दावं धरून ओढलं की पुढचे पाय रोवतात, अजून ओढलं की कालवड बसकण मारते. दूध माझी आई पाजते, वय सत्तर. गोऱ्हा अंगाने भरला की तिला पाडेल. काय करावं?

गव्हाण
भाऊ, आधी ढुशीचं बघू. वासरू कासेला ढुशी देतं ते पान्हा सुटावा म्हणून. बाटली रिकामी झाली तरी बूच (चोखायचं रबरी बोंड) तोंडात राहिलं की तेच करतं, फक्त कासेच्या जागी आईंची मांडी येते. म्हणून शेवटचा घोट गेला की बाटली लगेच काढा आणि मूठभर वासरांचं खुराक तोंडात सरकवा. दूध संपल्यावरही चोखायची ओढ दहा-पंधरा मिनिटं टिकते. तेवढ्यात मोकळं सोडलं तर एकमेकांचे कान आणि बेंबी चोखत बसतात.

बाटली हातात धरूच नका. गोठ्याच्या फाटकाला तारेचं कडं करा, बूच जमिनीपासून साधारण दोन फुटांवर येईल असं. वासरू आत, तुमच्या आई बाहेर. बुचाचं भोकही तपासा: बाटली उलटी केल्यावर थेंब थेंब पडायला हवं. धार लागत असेल तर बूच बदला. लवकर उरकावं म्हणून लोक तापलेल्या सुईने भोक मोठं करतात, मग दूध श्वासनळीत जातं, ठसका लागतो आणि न्यूमोनियाला आयतं निमंत्रण.

कासरा
दोरीचं मी सांगतो. गळ्यातलं दावं चालायला शिकवायच्या कामाचं नाही. ताण पडला की गळा आवळतो, वासरू घाबरून मागे रेटतं. मोरखी करा, म्हणजे नाकावरून आणि कानांमागून जाणारा दोरीचा फास नसलेला साज. बोटाएवढी जाड सुती दोरी घ्या, नायलॉनची नको, कातडं सोलतं. नाकावरची पट्टी डोळ्यांच्या जरा खाली, नाकाच्या हाडावर बसली पाहिजे. खाली सरकून मऊ भागावर आली तर श्वास अडतो. हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकी सैल ठेवा.

पहिले तीन-चार दिवस नुसती घालून ठेवा, तुम्ही समोर असतानाच. मग रोज पंधरा-वीस मिनिटं खुंट्याला बांधा. दोरी दोन फूट, वासराच्या खांद्याच्या उंचीला, एका ओढीत सुटणारी गाठ. त्याला सोडून घरात जाऊ नका, पाय अडकला तर गाठ तिथल्या तिथे सुटायला हवी.

मग चालवणं. समोर उभं राहून सरळ ओढाल तर ते चारही पाय रोवणार, त्या ओढाताणीत जोर त्याचाच जास्त. खांद्याजवळ उभे राहा, दोरी आडवी, डाव्या किंवा उजव्या अंगाला ताणा. तोल सावरायला एक पाऊल टाकावंच लागतं. पाऊल पडलं की त्याच क्षणी दोरी सैल. सगळी शिकवण या सैल सोडण्यात आहे. पाऊल टाकल्यावरही ताण राहिला तर पाऊल कशाला टाकायचं, हे त्याला कळतच नाही. बसलं तर ओढू नका, मारू नका, दोरी तेवढीच धरून थांबा. उठलं की सैल. दिवसाला दहा मिनिटं पुरे, पाजण्याआधी, म्हणजे दहा पावलांवर बाटली वाट बघत असते. दोरी हाताला गुंडाळायची नाही, बोटं जातात.

उन्हाळ्यात हे सगळं सकाळी आठच्या आत उरका. 44 अंशांत वासरू धापा टाकतं, शिकत काही नाही.

तापीकाठ
मोरखी आजच वळतो. अजून एक, गोऱ्ह्याच्या कपाळाला मुलं हात लावून रेटारेटी खेळतात. चालेल का?

गव्हाण
अजिबात नाही दादा, आजच बंद करा. कपाळ रेटणं ही त्याच्या जातीची झुंज आहे. आज 50 किलोला गंमत वाटते, 300 किलोला फासळी मोडेल. खाजवायचंच तर गळ्याखाली लोंबणारी पोळी, नाहीतर शेपटीच्या मुळाशी. एकटं माणसांत वाढलेलं गोऱ्हं माणसाला आपल्यातलाच समजतं, म्हणून त्याला कालवडीसोबतच ठेवा, पण दूध संपल्यावर ती पंधरा मिनिटं दोघं वेगळी. वळू म्हणून ठेवायचा नसेल तर खच्चीकरण कधी करायचं ते पशुवैद्यकांना आत्ताच विचारून ठेवा.