दमट हवेत कामाचा मोठा कुत्रा: कोणती जात?

प्रश्न (गुहागर): कुत्र्यांना आज्ञापालन आणि वासावरून माग काढणे शिकवण्याचा मला दीर्घ अनुभव असून आता स्वतःसाठी एक मोठा कुत्रा घ्यावयाचा आहे. रॉटवायलर, जर्मन शेफर्ड की मुधोळ, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (मालवण): रॉटवायलरचा नर ५० ते ६० किलोपर्यंत भरतो आणि आपल्याकडच्या वैशाखात दुपारी त्याच्याकडून काम करून घेणे अशक्यच. मागासाठी जर्मन शेफर्ड निःसंशय उत्तम. मात्र या जातीत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळत असल्याने पिल्लाच्या आईवडिलांचे एक्स-रे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. (विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तेच उत्तर समजावे.)

उत्तर (अलिबाग): मुधोळ ऊन चांगले सोसतो, परंतु तो नजरेने शिकार हेरणारा असल्याने ससा दिसताच उत्तम शिकवलेला कुत्राही हाक ऐकेलच असे नाही. तुमच्या कामासाठी तो मला योग्य वाटत नाही.

उत्तर (दापोली): शेफर्डलाच माझेही मत. त्याच्या दुहेरी केसांत (वरचा राठ आणि आतला मऊ, दाट थर) पावसाळ्यात ओल राहून त्वचारोग होतात, म्हणून रोज विंचरून गोचिडी पाहाव्यात आणि लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा रोग) लस पावसाआधीच द्यावी.